राजवाडा, जंगल, रस्ता

यात्रेतल्या नाटकाला तीन पडदे तरी लागतात: राजवाडा, जंगल आणि रस्ता. संकेश्वरच्या आसपासच्या कितीतरी गावांत हे तिन्ही पडदे माझ्या वडिलांच्या, म्हणजे आप्पांच्या हातचे होते. पोटासाठी ते पाट्या लिहीत. मिरचीच्या अडती, सायकलची दुकानं, हिरा शुगर कारखान्याकडे ऊस नेणाऱ्या ट्रकांच्या फळ्या. पडद्यांचे मात्र त्यांनी पैसे घेतले नाहीत. मांजरपाट आणि रंग गावानं आणून द्यायचा, दोन वेळचं जेवण घालायचं, बस्स. आई यावर वैतागायची, आणि तिचं काही चुकत नव्हतं. सुगीनंतर लोकांच्या हातात पैसा येई, तेव्हाच पाट्यांची कामं निघत, आणि नेमके तेच दिवस यात्रांचे.

देवळाच्या मंडपात कापड ताणून बसवलं की त्यावर चिंचोक्याच्या खळीचा हात फिरे. ती वाळली की माझं काम सुरू. निळीत बुडवलेल्या दोरीचं एक टोक मी धरायचं, दुसरं आप्पांनी. त्यांनी मधे टिचकी मारली की कापडभर सरळ रेघ उठायची. मग लहान चित्रावर चौकोन, पडद्यावर तितकेच, पण मोठे चौकोन, आणि एकेका चौकोनातून खांब, कमानी, झुंबरं वर चढत. रात्रभर भिजवलेला सरस सकाळी चुलीवर उकळायचा. त्याचा वास आठवडाभर केसांतून जात नसे. सरसातला रंग ओला असताना गडद दिसतो, वाळल्यावर फिकटतो, म्हणून आप्पा प्रत्येक रंग मुद्दाम चढा कालवत. निळ्याची तर आणखी पंचाईत. बल्बच्या पिवळ्या उजेडात तो मरतो. त्यामुळे त्यांच्या जंगलातलं आकाश दिवसा पाहणाऱ्याला भडक वाटे. "दिवसा बघायला कोण येतंय?" असं ते म्हणत.

या कामाला ते हलकं मानत नसत. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी १९२० साली ‘सैरंध्री’ चित्रपट पडद्यावर आणला, पण त्याआधी ते आणि आनंदराव पेंटर नाटकांचे पडदेच रंगवत होते, हे आप्पा भेटेल त्याला ऐकवत. शिवाय चित्रकार आबालाल रहिमान आपल्या शेजारच्या गडहिंग्लजचे! या तिघांच्या जोरावर ते स्वतःला एका मोठ्या घराण्यातले समजत. मला त्याचं हसू येई. आता वाटतं, उधारीवर रंग आणणाऱ्या माणसाला एवढा तरी डौल असायला हवाच होता.

१ नोव्हेंबर १९५६ला आमचा बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला, तेव्हा आप्पा मराठी शाळेत होते. कन्नड अक्षरं ते पुढे वर्तमानपत्राचे मथळे गिरवून शिकले. देवनागरीला वरची रेघ सांभाळून घेते. एखादं अक्षर आखूड झालं तरी ओळ पडत नाही. कन्नडात प्रत्येक गोलाई आपल्या पायावर उभी. तिथं ब्रश अर्ध्यात उचलला की जोड दिसलाच. म्हणून कन्नड ओळ ते सकाळी, हात ताजा असताना लिहीत आणि मराठी ओळ दुपारी.

१९८६ साली भाषेवरून आंदोलन पेटलं. त्या दिवसांत आमच्याकडच्या काही पाट्यांवर रातोरात डांबर फासलं गेलं, कधी एका भाषेवर, कधी दुसऱ्या. आप्पांनी कुणाचं नाव घेतलं नाही. पाटी उतरवायची, डांबर खरवडायचं, अस्तर द्यायचं आणि फक्त रंगाचे पैसे घेऊन पुन्हा लिहायचं. त्यानंतर मात्र त्यांनी प्रत्येक पाटीचा खाका करून ठेवायला सुरुवात केली. कागदावर अक्षरं काढून कडेनं सुईनं टोचायची. कागद फळीवर धरून कोळशाच्या पुडीची पुरचुंडी आपटली की ठिपक्यांत सगळा मजकूर उतरतो. माळ्यावर या खाक्यांच्या गुंडाळ्या रचलेल्या असत, मराठी आणि कन्नड एकाच दोऱ्यानं बांधलेल्या.

राजवाड्याच्या पडद्यावरही त्यांनी कधी झेंडा रंगवला नाही. मधल्या कमानीवर कापडाची एक कडी शिवून घेत. एका रात्री मराठी नाटकातले शिवाजी महाराज, दुसऱ्या रात्री कन्नड नाटकातला संगोळ्ळी रायण्णा; ज्याचा दरबार त्यानं आपलं निशाण अडकवावं. शाळेच्या भिंतीवर त्यांनी हिरण्यकेशी काढली होती: आंबोलीला उगम, मग आजरा, गडहिंग्लज, संकेश्वर आणि पुढे घटप्रभेला मिळेपर्यंत सलग. राज्याची हद्द गुरुजींनी खडूनं काढून घ्यावी, असा त्यांचा हिशेब. तिथं ऑइलपेंट कशाला वाया घालवायचा!

फ्लेक्स आले आणि पाट्या दोन-तीन वर्षांत संपल्या. त्यावर गळा काढणारे लेख मी वाचते, पण मला त्यांतलं सगळं पटत नाही. दुकानदाराला स्वस्त आणि आजच्या आज हवं होतं, ते मिळालं. आप्पांनी तक्रार केली ती फ्लेक्सवरच्या चुकलेल्या वेलांट्यांची. शेवटपर्यंत ते निलगार गणपतीच्या दर्शनाला जाताना रस्त्यातले फलक वाचत, आणि एखादा ऱ्हस्व-दीर्घ खटकला की थेट दुकानात शिरत.

ते गेल्यावर एका गावच्या नाट्यमंडळाचा मला फोन आला. जंगलाचा पडदा धुळीनं काळा पडलाय, काय करू? मऊ झाडूनं झटका, सरसाचा रंग आहे, पाणी मुळीच लावू नका, असं मी बजावलं. त्यांनी लावलंच. उजवीकडची दोन झाडं वाहून गेली. तिथं आता प्लॅस्टिकची वेल सोडतात आणि यात्रेतलं नाटक त्याच जंगलात होतं.