डाव्या बाजूचा खेळाडू

'एक ना धड, भाराभर चिंध्या' ही म्हण शाळेंत शिकवीत असतां आम्हीं किती वेळां उच्चारली असेल, याची मोजदाद करूं गेल्यास आज आमची आम्हांलाच लाज वाटेल. जो विद्यार्थी आज गणितांत रमतो, उद्यां चित्रकलेच्या मागें लागतो आणि परवां तबला घेऊन बसतो, त्याच्यावर ही म्हण फेंकली कीं गुरु या नात्यानें आपलें कर्तव्य संपलें, अशी आमची प्रामाणिक समजूत होती. एकच शास्त्र धरावें आणि जन्मभर त्याचीच सेवा करावी, हे आमच्यावरील बाळपणचे संस्कार. या समजुतीला धक्का दिला तो कोणा पंडितानें नव्हे. तो दिला ऑस्ट्रेलियांत एके काळीं बसगाडी चालविणाऱ्या एका फुटबॉलपटूनें. त्याचें नांव स्कॉट चिपरफील्ड.

व्याकरण शिकविण्यांत ज्याचा जन्म गेला त्याचा फुटबॉलशीं संबंध काय, असें वाचक विचारतील. तो संबंध नातवामुळें जडला. आमचा तेरा वर्षांचा नातू शाळेच्या संघांत आघाडीला खेळत असे. गेल्या पावसाळ्यांत संघांतला डावीकडचा बचावपटू आजारी पडला आणि शिक्षकांनीं आमच्या नातवाला त्या जागीं उभें केलें. त्या संध्याकाळीं घरीं येतांच त्यानें बूट कोपऱ्यांत भिरकावले, "आजोबा, मला मागं टाकलं," एवढेंच म्हणाला, आणि न जेवतां अंथरुणावर जाऊन पडला. समजूत घालण्याचे आमचे सारे उपाय थकले, तेव्हां त्याचे वडील त्याच्या उशाशीं जाऊन बसले आणि त्यांनीं त्याला चिपरफील्डची हकीकत सांगितली. आम्ही दाराशीं उभे राहून ऐकत होतों. पुढें कित्येक दिवस त्या माणसाविषयीं मिळेल तें आम्ही वाचीत गेलों. जें हातीं लागलें तें येथें थोडक्यांत सांगतों.

सिडनीच्या दक्षिणेस समुद्रकांठीं वोलोंगाँग नांवाचें शहर आहे. कोळशाच्या खाणी आणि पोलाद यांवर वाढलेलें हें कष्टकऱ्यांचें गांव. तेथें ३० डिसेंबर १९७५ रोजीं चिपरफील्डचा जन्म झाला. त्या काळीं ऑस्ट्रेलियांत फुटबॉलवर पोट भरणें कठीण होतें. राष्ट्रीय स्पर्धेंत खेळणारे पुष्कळ जण दिवसा नोकरी करीत आणि संध्याकाळीं सरावाला येत. वोलोंगाँगच्या संघाला 'वुल्व्ह्ज', म्हणजे लांडगे, असें नांव आहे. त्या संघांत खेळत असतां चिपरफील्ड गांवांत बसगाडी चालवीत असे. ज्या प्रवाशांना तो दिवसा त्यांच्या थांब्यावर उतरवी, त्यांतले कांहीं जण सुट्टीच्या दिवशीं त्याचा खेळ पाहावयास येत असतील, असें आमच्या मनांत येतें.

त्याच्या संघाची सर्वांत मोठी परीक्षा ११ जून २००० रोजीं पर्थ येथें झाली. राष्ट्रीय स्पर्धेचा अंतिम सामना होता, प्रतिस्पर्धी यजमान पर्थ ग्लोरी, आणि मैदानावर त्रेचाळीस हजारांहून अधिक प्रेक्षक. मध्यंतरापर्यंत यजमानांनीं तीन गोल केले; वोलोंगाँगच्या नांवावर शून्य. अशा वेळीं उत्तरार्धांत पहिला गोल केला तो या बसचालकानें. मग हॉर्स्लीनें दुसरा केला, आणि सामना संपत आला असतां रीडनें तिसरा. बरोबरी सुटली नाहीं म्हणून पेनल्टीचे फटके घेण्यांत आले आणि वोलोंगाँगनें ते ७-६ असे जिंकले. पुढच्या वर्षीं, २००१ सालीं, साउथ मेलबर्न संघाला २-१ असें हरवून त्यांनीं विजेतेपद राखलें. एका लहानशा गांवच्या संघानें लागोपाठ दोन वर्षें देशाचें अजिंक्यपद मिळवावें, ही कांहीं सामान्य गोष्ट नव्हे.

त्याच वर्षीं चिपरफील्डला स्वित्झर्लंडमधील बाझेल येथल्या संघानें बोलावलें. त्याचें वय पंचवीस वर्षांचें होतें. त्याच्या देशांतले हॅरी क्यूएलसारखे खेळाडू विशीच्या आंतच युरोपांत जाऊन नांवारूपाला आले होते. त्या मानानें हा फार उशीरां निघाला. ऱ्हाईन नदीच्या कांठचें, फ्रान्स व जर्मनी यांच्या सीमांना खेटून वसलेलें तें शहर. भाषा जर्मन, हवा थंड, माणसें अनोळखी. पण पहिल्याच हंगामांत, २००२ सालीं, बाझेलनें देशाचें अजिंक्यपद आणि चषक हीं दोन्हीं जिंकलीं. तें अजिंक्यपद त्या संघाला १९८० नंतर, म्हणजे बावीस वर्षांनीं लाभलें होतें. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत युरोपांतील श्रेष्ठ संघांच्या स्पर्धेंत बाझेलनें बलाढ्य लिव्हरपूलला ३-३ असें रोखून स्पर्धेबाहेर घालविलें, आणि या लहान देशाच्या संघाकडे साऱ्या युरोपाचें लक्ष गेलें.

बाझेलमध्यें तो २०१२ पर्यंत, सुमारें अकरा वर्षें राहिला. तेवढ्या काळांत संघानें सात वेळां अजिंक्यपद आणि सहा वेळां चषक जिंकला. प्रशिक्षक बदलले, सोबती बदलले. क्रिस्टियान ग्रोस गेले आणि थॉर्स्टन फिंक आले. चिपरफील्ड मात्र होता तेथेंच होता. पण 'तेथेंच' हा शब्द आम्हीं चुकीचा वापरला, कारण मैदानावर त्याची जागा कधींच एक नव्हती. कधीं तो मधल्या फळीच्या डाव्या बाजूला असे, कधीं डावा बचाव सांभाळी, आणि संघाची गरज पडेल तेव्हां थेट आघाडीस जाऊन गोल करी. बहुतेक खेळाडू वय वाढलें कीं मागें सरकतात. हा मागें गेला आणि पस्तिशीकडे झुकल्यावर पुन्हां पुढें आला.

देशाकडूनहि तो असाच खेळला. १९९८ पासून २०१० पर्यंत त्यानें ऑस्ट्रेलियाकडून ६८ सामन्यांत भाग घेतला आणि १२ गोल केले. १६ नोव्हेंबर २००५ रोजीं सिडनीस उरुग्वेविरुद्ध जो निर्णायक सामना झाला, त्यांत डाव्या बाजूस तोच होता. तो सामना पेनल्टीच्या फटक्यांवर जिंकून ऑस्ट्रेलियानें १९७४ नंतर प्रथमच जागतिक स्पर्धेंत प्रवेश मिळविला. जर्मनींतील त्या स्पर्धेंत इटलीशीं झालेला सामना चिरंजीवांच्या आग्रहास्तव आम्हींहि घरीं बसून पाहिला होता. इटलीचा एक गडी बाहेर काढलेला, तरी ऑस्ट्रेलियाला गोल करतां येईना. आणि वेळ संपून गेल्यावर, जादा दिलेल्या शेवटच्या क्षणांत, टोट्टीनें पेनल्टीवर गोल करून सामना संपविला. त्या रात्रीं चिपरफील्डहि मैदानावर होता, हें आम्हांस आतां कळलें. तेव्हां त्याच्याकडे आमचें लक्षहि गेलें नव्हतें.

आणि यांतच त्याच्या नशिबाचें मर्म आहे. जपानविरुद्ध शेवटच्या मिनिटांत दोन गोल करणारा केहिल लोकांच्या लक्षांत राहिला. कर्णधार विडुका राहिला. क्यूएल तर अगोदरच प्रसिद्ध होता. जो आज या जागीं आणि उद्यां त्या जागीं खेळतो, त्याला लोक कोणत्या नांवानें ओळखणार? १० सप्टेंबर २००८ रोजीं ताश्कंद येथें उझबेकिस्तानविरुद्ध सामन्यांतला एकुलता एक गोल यानेंच डोक्यानें केला. २०१० सालीं दक्षिण आफ्रिकेंत, वयाच्या चौतिसाव्या वर्षीं, बलाढ्य जर्मनीविरुद्ध त्याला डावा बचाव सांभाळावयास सांगितलें; त्या दिवशीं ऑस्ट्रेलियानें चार गोलांनीं मार खाल्ला. गोल करणाऱ्याचें यश त्याच्या एकट्याचें असतें. फट बुजविणाऱ्याला मात्र इतरांच्या अपयशाचाहि वांटा उचलावा लागतो. ही किंमत लहान नव्हे, आणि आमच्या नातवाचे अश्रू अगदींच अनाठायीं नव्हते, हें आम्ही कबूल करतों.

मग या माणसाला 'भाराभर चिंध्या' म्हणावें काय? येथें आम्हांस आमच्या जुन्या व्याकरणाचें स्मरण झालें. संस्कृतांत 'अस्' हा धातु वर्तमानकाळीं 'अस्ति' असें रूप घेऊन सुखानें नांदतो. परंतु भविष्यकाळाची वेळ आली कीं त्याच्या जागीं 'भू' धातु येऊन उभा राहतो आणि 'भविष्यति' असें रूप होतें. या बदली आलेल्याला पाणिनीनें 'आदेश' म्हटलें आहे, आणि ज्याच्या जागीं तो आला त्याचे अधिकार व कर्तव्यें त्या आदेशाकडे येतात, असा नियम घालून दिला आहे. बदली आलेला म्हणून तो कमी दर्जाचा, असें व्याकरणांत कोठेंहि म्हटलेलें नाहीं. हा नियम आम्हीं पिढ्यान्‌पिढ्या मुलांकडून घोकून घेतला. पण त्याचा अर्थ माणसांना लावून पाहावा, असें आमच्या कधीं मनांत आलें नाहीं.

त्या नियमाला पाणिनीनें एक मर्यादाहि घातली आहे: जें कार्य विवक्षित वर्णावरच अवलंबून असतें, तेथें ही बदली चालत नाहीं. चिपरफील्डच्या खेळालाहि अशी मर्यादा होती, आणि ती ध्यानांत आल्यावर आमचें कोडें उलगडलें. तो पुढें गेला, मध्यें खेळला, मागें आला. पण त्याचें खरें घर मैदानाच्या डाव्या बाजूलाच होतें, कारण त्याचा डावा पाय. त्याची जागा बदलली ती बहुतेक एकाच रेषेवर, खालींवर. आम्ही ज्याला दहा कामें समजत होतों, तें एकच काम होतें; पाहणाऱ्याला मात्र तें दहा ठिकाणीं दिसत होतें. चिंध्या वेगळ्या आणि एकाच वस्त्राच्या घड्या वेगळ्या.

हें लिहितांना आम्हांस एक मुलगा आठवतो. वीस-बावीस वर्षांपूर्वीं तो आमच्या वर्गांत होता. भूमितीच्या आकृत्या तो कंपासपेटी न उघडतां नुसत्या हातानें रेखीव काढी. त्याच्या वहीचे समास वेलबुट्टीनें भरलेले असत. बाक वाजवूं लागला कीं शेजारच्या वर्गाचे शिक्षक दाराशीं येऊन उभे राहत. संस्कृताच्या परीक्षेंत मात्र तो जेमतेम उत्तीर्ण झाला, आणि आम्हीं साऱ्या वर्गासमोर ती म्हण त्याच्यावर फेंकली. वर्ग हंसला. त्या दिवसानंतर तो हात वर करीनासा झाला. वर्षाअखेर समासांतली वेलबुट्टीहि नाहींशी झाली. आम्हांला तेव्हां तें आमच्या शिकवणुकीचें यश वाटलें. आज वाटतें कीं त्याचें सारें कांहीं त्याच्या बोटांत होतें. आकृति, वेल, ताल हीं एकाच हाताचीं तीन कामें होतीं. तो धागा त्याला दाखवून देणें हेंच आमचें काम होतें, आणि तेंच आम्हीं केलें नाहीं.

बाझेल सोडल्यावर चिपरफील्ड जवळच्याच आएश गांवच्या हौशी संघांत खेळावयास गेला, असें आम्हीं वाचलें. सात अजिंक्यपदें पदरीं असलेल्या माणसानें गांवच्या मैदानावर पुन्हां उतरावें, यांत त्याला कांहीं कमीपणा वाटला नाहीं. वोलोंगाँगला जो दिवसा बस चालवून संध्याकाळीं मैदानावर जात असे, त्याला कमीपणा वाटण्याचें कारणहि नव्हतें.

आमच्या नातवानें त्या रात्रीं वडिलांचें सारें ऐकून एवढाच प्रश्न विचारला, "बाबा, तो खरंच बस चालवायचा?" दुसऱ्या दिवशीं सकाळीं कोपऱ्यांतले बूट त्यानें स्वतः पुसून ठेवले. आतां तो डावा बचाव सांभाळतो. कुरकुर अजून करतो, पण जातो. त्या जुन्या विद्यार्थ्याचा पत्ता आम्हीं त्याच्या एका वर्गमित्राकडून मिळविला आणि त्याला पत्र लिहिलें. पत्रांत फुटबॉलचें नांव नाहीं, व्याकरणाचेंहि नाहीं; ती म्हण आम्हीं परत घेतली आहे, एवढेंच लिहिलें आहे. त्याचें उत्तर अद्याप आलेलें नाहीं. न आलें तरी त्याला बोल लावण्याचा अधिकार आम्हांस नाहीं.