दोन माणसांचा बाजार

शनिवारची संध्याकाळ. चहाचा कप खाली ठेवत त्याने सहज विचारले, "या आठवड्यातही साडेतीन हजार संपले? कुठे गेले गं?"

प्रश्नात राग नव्हता, संशयही नव्हता. पण तिच्या हातातली मेथीची जुडी तशीच राहिली. "खाल्ले आपण दोघांनी," एवढेच म्हणून ती उठली आणि स्वयंपाकघरात गेली. तिथे काही काम होते असे नाही. चेहरा लपवायचा होता.

चंदीगडच्या आयटी पार्कमध्ये त्याला नोकरी लागली आणि दोघे नाशिकहून इकडे आली, त्याला आता वर्ष होत आले होते. राजीव गांधी चंदीगड टेक्नॉलॉजी पार्क हे या ठिकाणाचे पूर्ण नाव. २००५ साली त्याचे उद्घाटन झाले. आजूबाजूला किशनगढ गाव आणि मनीमाजऱ्याची जुनी वस्ती, जवळच सुखना तलाव आणि पलीकडे शिवालिकच्या टेकड्या. मनीमाजऱ्यातच एका घराच्या वरच्या मजल्यावर दोघांनी बिऱ्हाड मांडले होते.

नाशिकला ती शाळेत शिकवत असे. नऊ वर्षे स्वतःचा पगार होता. पगार झाला की पहिले दोन हजार रुपये आईच्या खात्यावर जात. आई एकटी राहते, रक्तदाबाची आणि मधुमेहाची औषधे कायमची. नोकरी सोडल्यावर हे दोन हजार कुठून द्यायचे, हा प्रश्न तिने कोणालाच विचारला नाही. नवऱ्याला सांगितले असते तर तो नाही म्हणाला नसता, हेही तिला ठाऊक होते. पण 'माझ्या आईसाठी पैसे दे' हे शब्द काही केल्या ओठांवर येईनात. मग तिने वेगळा मार्ग काढला. तो दर आठवड्याला बाजारासाठी साडेतीन हजार रुपये तिच्या खात्यावर टाकत असे. त्यातले पाचशे परस्पर नाशिकला जाऊ लागले.

डाळीच्या डब्यातली शिल्लक

ही काही तिने शोधलेली युक्ती नव्हती. तिच्या आजीची शिल्लक तांदळाच्या कोठीत असे, आईची डाळीच्या डब्यात. घरखर्चातून दोन पैसे वाचवायचे आणि अडीअडचणीला काढायचे, हे आपल्याकडच्या बायकांना कोणी शिकवावे लागत नाही. ८ नोव्हेंबर २०१६ रोजी पाचशे आणि हजारच्या नोटा रद्द झाल्या, तेव्हा कित्येक घरांतली ही शिल्लक एका रात्रीत नवऱ्यापुढे ठेवावी लागली. कुठे त्यावर कौतुक झाले, कुठे भांडण.

आजीची शिल्लक मात्र खर्च भागवून उरलेली असे. तिचे पाचशे आधीच निघत आणि मग उरलेल्या तीन हजारांत आठवडा बसवावा लागे. तो बसत नव्हता. मग काटकसर सुरू झाली. फळे आणायची बंद झाली. आमटी पातळ झाली. दुधाची एक पिशवी कमी झाली. एवढे करूनही महिन्यातून दोनदा तरी तिला आपल्या जुन्या शिलकीतून भर घालावी लागे. आपण इतके जपून खर्च करतो, तरी पैसे पुरत कसे नाहीत, हे तिला कळेना.

त्या शनिवारच्या प्रश्नानंतर तिने शंभर पानी वही आणली. 'मी उधळपट्टी करत नाही' हे सिद्ध करण्यासाठीच आणली, असे म्हटले तरी चालेल. रोजचा खर्च रोज लिहायचा. फक्त पाचशे रुपयांपुढे काय लिहावे, तिथे पेन अडले. थोडा विचार करून तिने लिहिले, 'किरकोळ'.

वही काय म्हणाली?

हिशेबाची वही मोठी चमत्कारिक वस्तू आहे. ती कोणाची बाजू घेत नाही. चार आठवडे लिहून झाल्यावर तिने सरासरी काढली. किराणा नऊशे, दूध-दही-पनीर साडेसहाशे, भाजी सातशे, किरकोळ पाचशे. आणि पाचवा रकाना होता बाहेरून मागवलेल्या जिनसांचा, साडेसातशे. दहा-पंधरा मिनिटांत घरपोच येणारी बिस्किटे, थंड पेये, चिप्स. तो उशिरा आला म्हणून मागवलेले पराठे. आणि घरपोच आणण्याचे वेगळे आकार. यातले निम्मे त्याने मागवले होते, निम्मे तिने. प्रत्येक वेळचा आकडा इतका लहान होता की तो खर्च आहे असे दोघांनाही वाटले नव्हते.

असे घडणारे हे एकच घर नाही. अर्न्स्ट एंगेल या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने १८५७ मध्ये दाखवून दिले होते की, उत्पन्न वाढते तसा अन्नावर खर्च होणारा वाटा घटतो. आपल्याकडेही शहरी कुटुंबांच्या खर्चात अन्नाचा वाटा १९९९-२००० मध्ये सुमारे ४८ टक्के होता. २०२३-२४ च्या सरकारी पाहणीत तो ३९.६८ टक्के भरला. पण त्याच पाहणीत आणखी एक गोष्ट दिसली. शहरांत खाण्यापिण्यातला सर्वांत मोठा खर्च धान्याचा नव्हे, भाजीचाही नव्हे, तर पेये, फराळाचे पदार्थ आणि तयार खाद्यपदार्थ यांचा, एकूण खर्चाच्या सुमारे ११ टक्के. दुधाचा क्रमांक त्याच्या खाली.

वहीने दुसरी गोष्ट सांगितली ती अधिक बोचरी होती. कचऱ्यात काय गेले, तेही ती समासात लिहीत असे. अर्धी जुडी कोथिंबीर, चार मऊ पडलेले टोमॅटो, वाटीभर राजमा, आंबलेले दही. रव्याला जाळ्या झाल्या म्हणून अख्खा डबा. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालात भारतातल्या घरांतून माणशी वर्षाला ५५ किलो अन्न वाया जाते, असा अंदाज दिला आहे. त्यात साले-देठेही धरलेली आहेत. तरी दोघांच्या घराचा हिशेब आठवड्याला दोन किलोंच्या वर जातो.

कारण उघड होते. तिचा हात पाच माणसांचा होता. माहेरी पाच माणसे, सासरी पाच माणसे. 'किलोभर द्या' हे शब्द जिभेवर बसलेले. त्यात इथला बाजार मोठ्या मापाचा. पंजाबच्या मंडी बोर्डाने १९८७ मध्ये मोहालीत 'अपनी मंडी' सुरू केली. शेतकऱ्याने आपला माल थेट गिऱ्हाइकाला विकावा, हा हेतू. चंदीगडमध्येही अशा मंड्या ठरलेल्या वारी भरतात. भाजी ताजी, भाव उतरलेला, आणि कांदे-बटाट्यांचा भाव पुष्कळदा 'धडी'चा, म्हणजे पाच किलोंचा. स्वस्त पडते म्हणून ती टोमॅटोही धडीने आणी. आठवड्याच्या शेवटी त्यातले किलोभर नासत. म्हणजे स्वस्त पडले की महाग?

खालच्या मजल्यावरच्या घरमालकीणबाईंनी एकदा ती नासलेले टोमॅटो टाकताना पाहिली. त्या हसून म्हणाल्या, "बेटा, जे खाल्लं गेलं तेच स्वस्त." आणि पुढच्या मंडीला तिच्याबरोबर गेल्या. एक धडी दोघींत वाटली. कोबीचा गड्डा अर्धा-अर्धा. थंडीत वाटाणे स्वस्त झाले तेव्हा गच्चीवर उन्हात बसून दोघींनी ते सोलले आणि पिशव्या भरून फ्रीजरमध्ये ठेवले. त्या दिवशी तिला कितीतरी दिवसांनी नाशिकच्या वाड्याची आठवण झाली.

दोघांना लागते किती?

मग तिने मुळापासून हिशेब मांडला. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये आहाराची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. दिवसाला दोन हजार कॅलरी घेणाऱ्या माणसाच्या ताटात धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्ये ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळे १०० ग्रॅम, दूध ३०० मिलिलिटर आणि तेल-तूप २७ ग्रॅम असावे, असे त्यात आहे. दोन माणसे, सात दिवस. म्हणजे धान्य साडेतीन किलो, डाळी सव्वा किलोच्या आत, भाज्या साडेपाच किलो, फळे दीड किलोच्या आत, दूध सव्वाचार लिटर आणि तेल-तूप चारशे ग्रॅमच्या आत.

हे आकडे पाहून ती चपापली. तेल ती दुप्पट वापरत होती आणि डाळ जेमतेम निम्मी. जिथे हात आखडायचा तिथे तो सैल होता, आणि फळे, डाळ, दूध यांवर मात्र तिने कात्री चालवली होती. काटकसर चुकीच्या डब्यातून चालली होती.

त्यानंतर तिने चार नियम केले. बाजाराला जाण्याआधी फ्रीज आणि डबे उघडून पाहायचे. बेत सात दिवसांचा नव्हे, पाचच दिवसांचा करायचा. उरलेले दोन दिवस शिळे-उरलेले आणि अचानक ठरलेले यांना मोकळे. पालेभाजी पहिल्या दोन दिवसांत, कोबी-गाजर मध्ये, भोपळा आणि कडधान्ये शेवटी. आणि पाकीट घेताना मोठा आकडा न पाहता त्यावर बारीक अक्षरांत छापलेली दर ग्रॅमची किंवा दर किलोची किंमत पाहायची. ती छापण्याचा नियमच आता आहे. मोठे पाकीट नेहमीच स्वस्त असते असे नाही, आणि असले तरी दोघांच्या घरात ते संपेपर्यंत किडे लागत नाहीत ना, हेही पाहावे लागते.

संध्याकाळी तो भुकेला येई तेव्हा डब्यात भाजलेले शेंगदाणे, चुरमुरे किंवा उकडलेले चणे तयार असत. फोनवरून मागवणे बंद झाले नाही, पण आठवड्यातून एकदाच, आणि तेही ठरवून. महिन्याभरात पाचवा रकाना साडेसातशेवरून तीनशेवर आला. फळे परत आली. आमटी दाट झाली. आणि तरीही किरकोळ धरून खर्च तीन हजारांच्या आत बसला.

'किरकोळ' म्हणजे काय?

तिने अभिमानाने वही त्याच्यापुढे ठेवली. तो पाने उलटत गेला. कौतुकाने मान हलवत होता. मध्येच थांबला.

"अगं, सगळे आकडे दर आठवड्याला बदलतात. हे किरकोळ मात्र बरोबर पाचशेच कसं?"

हिशेब इतका चोख झाला होता की लपवलेली गोष्ट लपेना. ती क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "आईच्या औषधांचे आहेत. दर आठवड्याला पाठवते."

तो बराच वेळ काही बोलला नाही. ती मनात शब्द जुळवत होती, मी नोकरी शोधेन, परत करेन, असे काहीबाही. तेवढ्यात त्याने विचारले, "माझ्या आईला आपण दर महिन्याला पाठवतो, ते कुठे लिहितो?"

"घरखर्चात. भाड्याच्या खाली."

"मग तुझी आई किरकोळ कशी?"

तिला काय उत्तर द्यावे ते सुचेना. खरे तर तिने स्वतःच आईला त्या रकान्यात बसवले होते. लग्न झालेल्या मुलीने माहेरी पैसे द्यायचे ते चोरून, ही समजूत तिच्यावर कोणी लादली नव्हती. ती तिच्यात मुरलेली होती. कायद्याचे म्हणाल तर तो या बाबतीत केव्हाच पुढे गेला आहे. आई-वडिलांच्या पोटगीची जबाबदारी विवाहित मुलीवरही आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये महाराष्ट्रातूनच आलेल्या एका खटल्यात दिला, आणि २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात मुलगा आणि मुलगी दोघांचीही जबाबदारी सांगितलेली आहे. घराघरांतल्या वह्या मात्र अजून मागेच आहेत.

"मला तू विचारायला हवं होतंस, असं मी म्हणणार नाही," तो म्हणाला. "मीच विचारायला हवं होतं. तुझा पगार बंद झाला, त्या दिवशीच."

पैसे कमी पडतात तेव्हा बहुतेक घरांत बोलणे होते ते भावांविषयी. टोमॅटो महागले, तेल महागले. ते खोटे नसते. जुलै २०२३ मध्ये अनेक शहरांत टोमॅटो किलोला शंभरच्या पुढे गेले, तेव्हा कोणत्या गृहिणीचे बजेट कोलमडले नसेल? पण भाव आपल्या हाती नसतात. माप हाती असते, आणि काय लिहायचे व काय नाही, हेही. जे वहीत लिहिता येत नाही, ते कुठून तरी दुसरीकडून वसूल होते. या घरात ते डाळीतून आणि फळांतून वसूल होत होते.

आता शनिवारी संध्याकाळी दोघे मिळून हिशेब लिहितात. बाजाराचे पैसे दोघांच्या नावाच्या खात्यावर येतात. तिला कोणाकडून घ्यावे लागत नाहीत. मनीमाजऱ्यातल्या मुलांच्या दोन शिकवण्या तिने घेतल्या आहेत, तेही त्याच खात्यात जमा होते. नव्या वहीच्या पहिल्या पानावर घरभाड्याखाली दोन ओळी आहेत. एकीवर 'आई, पुणे', दुसरीवर 'आई, नाशिक'. दुसरी ओळ त्याच्या अक्षरात आहे.