मागच्या रांगेचे हवामान

‘वातानुकूलित’ ह्या शब्दातील ‘अनुकूल’ आम्हांला नेहमीच थोडे संशयास्पद वाटत आले आहे. संस्कृतात ‘कूल’ म्हणजे काठ. काठाकाठाने जाते ते अनुकूल, काठाच्या विरुद्ध जाते ते प्रतिकूल. (इंग्रजी ‘कूल’शी त्याचा नाद जुळतो हा निव्वळ योगायोग, जाहिरातवाल्यांना मात्र तो पुरेसा आहे.) वारा अनुकूल, हे खरे, पण कुणाला, ते शब्द सांगत नाही. सात माणसांची गाडी मे महिन्यात रस्त्यावर आली की हा प्रश्न व्याकरणाचा उरत नाही.

बेसा हे नागपूरच्या दक्षिण कडेचे गाव. आता त्याच्या शेतांचे ले-आउट झाले आहेत. घरे उभी राहिली, झाडे अजून माणसाच्या उंचीची आहेत, तेव्हा गाड्या दिवसभर उन्हातच तापतात. २०१३ च्या मे महिन्यात नागपूरचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता. तेवढा दरवर्षी जात नाही. पण नवतपाच्या दिवसांत दुपारी गाडीचे दार उघडणे म्हणजे भट्टीचे झाकण काढणेच.

कुटुंबाच्या गाडीत कोण कुठे बसणार, हे कुणी ठरवीत नाही आणि तरीही ते ठरलेले असते. पुढे चालवणारा आणि मान्यवर. मध्ये ज्यांचे गुडघे दुखतात ते. शेवटच्या रांगेत मुले, पिशव्या आणि ‘मी बसते की मागे’ असे आपणहून म्हणणारी एक व्यक्ती. आमच्याकडे ती व्यक्ती म्हणजे काकू. गेल्या उन्हाळ्यात वर्ध्याचे लग्न आटोपून परतताना बुटीबोरीच्या अलीकडे त्यांना विचारले, “मागे गार लागतंय ना?” त्या म्हणाल्या, “बरं आहे.” बेशाला पोहोचलो तेव्हा त्यांना गाडीतून उतरता येईना. ओठ कोरडे, हात थरथरत होते. पन्हे, ओले फडके आणि शेवटी डॉक्टर असे सगळे झाले. पुढच्या आसनावरचे आम्ही त्याच वेळी एसीचा झोत तोंडावरून बाजूला वळवून बसलो होतो.

मराठीतले ‘बरं आहे’ हे वाक्य भाष्यकाराची परीक्षा पाहणारे आहे. त्यात होकार आहे, सहन करण्याची तयारी आहे, आणि ‘माझ्यासाठी गाडी थांबवू नका’ हेही आहे. गाडी दुरुस्त करायला नेली तेव्हा पहिल्या मेकॅनिकने ह्या वाक्याइतकाच भरवसा स्वतःच्या थर्मामीटरवर ठेवला. डॅशबोर्डच्या जाळीत तो खोवला, आठ अंश दाखवले आणि निकाल दिला, “एसी ओके आहे.” निकाल खोटा नव्हता. तो फक्त पहिल्या रांगेचा होता.

यंत्राची रचना कळायला माठ पुरतो. माठाच्या अंगातून पाझरलेले पाणी उडून जाताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. गाडीत पाण्याच्या जागी गॅस असतो. तो कॉईलमध्ये उकळतो, उष्णता उचलतो, आणि कॉम्प्रेसर त्याला दाबून पुढच्या जाळीत ती उष्णता बाहेर टाकायला लावतो. मोठ्या गाडीत कॉम्प्रेसर एकच, पण थंडाव्याच्या कॉईल दोन : एक डॅशबोर्डमागे, दुसरी मागे. दुसरीकडे जाणारे पाईप गाडीच्या पोटाखालून, चिखल आणि गिट्टीचे मार खात जातात. गॅस कमी झाला की तुटवडा पुष्कळदा आधी ह्या लांबच्या कॉईलला जाणवतो. पेंचच्या कालव्याचे पाणी टोकाच्या शेतकऱ्यापर्यंत का पोहोचत नाही, हे ज्याने पाहिले आहे त्याला निराळे समजावायला नको.

ह्या बाबतीत इतिहास थोडा खट्याळ आहे. विलिस कॅरिअरने १९०२ साली ब्रुकलिनमध्ये आधुनिक वातानुकूलनाची पहिली यंत्रणा आखली ती माणसांसाठी नव्हे, एका छापखान्यासाठी. दमट हवेने कागद फुगे आणि रंगांचे ठसे एकमेकांवर बसत नसत. म्हणजे पहिला मान छापील कागदाचा. (वाङ्मयाच्या लोकांनी ह्यावर उगाच खूश होऊ नये.) पुढे १९३९ साली पॅकार्ड कंपनीने मोटारीत एसी आणला, तेव्हा थंड कॉईल होती डिकीत, आणि गार वारा येई मागच्या आसनाच्या पाठीमागून. तो बंद करायचा तर इंजिन थांबवून पट्टा काढावा लागे. पण गारवा आधी मागच्यांना! तिथे मालक बसत, हे उघड आहे.

दुसरे मेकॅनिक मानेवाडा रस्त्यावरचे, वयस्कर. त्यांनी थर्मामीटर काढलाच नाही. “समोर राहू द्या, मी मांगं बसून पाह्यतो,” म्हणाले आणि भर दुपारी काचा लावून शेवटच्या रांगेत पंधरा मिनिटे बसले. नागपुरात ‘पुढे’ला ‘समोर’ म्हणतात, हे त्या दिवशी विशेष जाणवले; मागच्यांच्या समोर फक्त पुढच्यांच्या पाठी असतात. घामाने भिजून ते उतरले. वारा जोरात आहे, म्हणजे फ्यूज, रिले आणि ब्लोअरची मोटर ठीक. गार मात्र नाही. मग मागच्या कॉईलच्या पाईपांना हात लावून पाहिले. परतीचा जाड पाईप थंडगार, घामेजलेला हवा. तो नुसता कोमट होता. गेजवर दाब कमी भरला. शेवटी ते गाडीखाली शिरले आणि मागच्या चाकाजवळ पाईपच्या जोडावर बोट ठेवले : तिथे धूळ तेलाने चिकटून काळी झाली होती. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचे तेलही झिरपते, गॅस उडून जातो, तेल राहते. नायट्रोजनचा दाब देऊन साबणाचे पाणी लावताच तिथे बुडबुडे आले.

जोडाची रबरी रिंग बदलली, व्हॅक्यूम केले, आणि गॅस अंदाजाने न भरता काट्यावर तोलून भरला. दोन कॉईलच्या गाडीला तो एका कॉईलच्या गाडीपेक्षा जास्त लागतो. खालच्या जाळीतून शेंगांची टरफले, बसची तिकिटे आणि लहान मुलाचा एक मोजा निघाला. जाताना त्यांनी काकूंसाठी निरोप दिला, “माय, गरम झालं त मोठ्यानं सांगत जा.”

त्यानंतर रामटेकला गेलो तेव्हा काकू पुन्हा मागेच बसल्या. मधल्या रांगेत या म्हटले तर ऐकेनात. गार वाटते का, हे आता त्यांना विचारत नाही. मौद्याच्या रस्त्याला न लागता कन्हानला थांबलो, आणि पुढचा टप्पा आम्ही त्यांच्या शेजारी बसून केला.