धरमपेठेतील एक जुना आवाज

अंबाझरी तलावाच्या वाटेवरील धरमपेठ ज्यांनीं चाळीस वर्षांपूर्वीं पाहिली असेल, त्यांस ती आज ओळखूं येणें कठीण आहे. कडुनिंबाच्या सावलींतील अंगणें व ओसऱ्या जाऊन त्या जागीं बहुमजली इमारती उभ्या राहिल्या आहेत. आमच्या आजोबांचें घरहि दसऱ्यानंतर पाडावयाचें ठरलें, म्हणून सामानाची निरवानिरव करण्यास मी गेल्या वैशाखांत तेथें गेलों. नागपूरचा वैशाख कसा असतो, हें वैदर्भीय वाचकांस सांगणें नको.

माळ्यावर आजोबांचा रेडिओ निघाला. चुलतभावानें तो रद्दीवाल्यास देऊं केला होता, पण थोरले काका म्हणाले, "घर सोडण्यापूर्वीं एकदां त्याचा आवाज ऐकव, बाबा. १९४८ च्या जुलैंत नागपूरचें नभोवाणी केंद्र सुरू झालें, तो पहिला दिवस आम्हीं ह्याच रेडिओवर ऐकला." ही गोष्ट आमच्या घरांत इतक्या वेळां सांगितली गेली आहे कीं, तीविषयीं शंका घेण्याचें कोणाच्या मनांतहि येत नसे.

संच उघडून पाहिला. आजच्या ध्वनिक्षेपकाची मूळ घडण १९२५ सालीं राइस व केलॉग ह्या अमेरिकन इंजिनियरांनीं सिद्ध केली. कागदी शंकूच्या टोकास तारेचें बारीक वेटोळें असतें व तें चुंबकाच्या चिंचोळ्या फटींत लोंबतें. त्यांतून स्वरांची वीज वाहिली कीं तें मागेंपुढें हलतें, आणि शंकू हवेस हलवितो. जोरकस कायमचे चुंबक स्वस्त होईपर्यंत लोखंडी गाभ्याभोवतीं हजारों वेढे घालून विद्युच्चुंबक करीत. आमचा ध्वनिक्षेपक त्याच जातीचा. हे वेढे रेडिओच्या वीजपुरवठ्यांतील घरघरहि शोषून घेतात. म्हणून तो काढून बाजारांतला नवा बसविला कीं काम झालें, असें मानणाऱ्या कारागिरांच्या हातीं असे संच देऊं नयेत. तेथें शेंकडों व्होल्टांचा दाब असतो, हेंहि विसरूं नये.

शंकू दोन ठिकाणीं फाटला होता. मीं उत्साहानें जाड कागद व भरपूर गोंद लावला. आवाज घशांत अडकल्यासारखा झाला. चूक सर्वस्वीं माझीच. मग कोमट पाण्याच्या बोळ्यानें तें ठिगळ सोडविलें व तलम जपानी कागद पातळ खळीनें चिकटविला. तरी खरखर राहिलीच! बोटांच्या टोकांनीं शंकू हलकेच दाबून पाहतां वेटोळें गाभ्यास घासत असल्याचें कळलें. इतक्या उन्हाळ्यांनीं व पावसाळ्यांनीं कागद वाकला होता. मधला स्क्रू सैल करून फटींत कागदाच्या चार बारीक पट्ट्या सरकविल्या, वेटोळें मध्यावर आणलें आणि स्क्रू आवळून पट्ट्या काढून घेतल्या.

हें करीत असतां लोखंडी सांगाड्यावरील शाईचा ठसा दिसला: २२०८३५. अमेरिकन पद्धतींत पहिले तीन आंकडे कारखान्याचे. २२० म्हणजे जेन्सन. पुढचा ८ हा सालाचा शेवटचा आंकडा, आणि ३५ हा आठवडा. साल १९३८, १९४८ कीं १९५८? आंतील व्हॉल्व्ह सात पायांचे, लहान, युद्धानंतरच्या वळणाचे. आणि १९५८ पर्यंत विद्युच्चुंबक मागें पडले होते. तेव्हां १९४८ चा ३५ वा आठवडा, म्हणजे ऑगस्टची अखेर. केंद्र जुलैंत सुरू झालें होतें! ध्वनिक्षेपक मागाहून बदलला असेल म्हणावें, तर त्याच्या तारांचे मूळचे टांके कोणी सोडविलेले दिसेनात.

काकांस हें सांगावें कीं न सांगावें? रात्रभर मी ह्या विचारांत होतों. ज्या आठवणीवर माणूस इतकीं वर्षें जगला, ती एका रबरी शिक्क्यानें खोडावी काय? मीं कांहींच न बोलण्याचें ठरविलें.

संच ट्रान्स्फॉर्मरचा असल्याची खात्री करून भाच्यानें दुसऱ्या दिवशीं आपल्या मोबाइलची तार ग्रामोफोनच्या खोबणींत जोडली. व्हॉल्व्ह तापेपर्यंत सारीं गप्प होतीं. मग बालगंधर्वांचा स्वर खोलींत भरला. काकूंच्या हातांतील सांभारवडीची बशी तशीच राहिली.

काका डोळे मिटून ऐकत होते. गाणें संपल्यावर म्हणाले, "आवाज हाच. पण पहिल्या दिवशीं आम्ही शेजारच्यांच्या ओसरीवर उभे होतों रे. बाबांना तें लागलें असावें. पुढल्या वर्षींच्या दिवाळींत त्यांनीं हा आणला, आणि आईनें त्याला हळदकुंकू वाहिलें."

चुलतभाऊ उठला आणि फाटकाशीं थांबलेल्या रद्दीवाल्यास परत पाठवून आला.