पाण्याचं खातं

बँकेतल्या कारकुनाला नातेवाईक दोनच कामांसाठी बोलावतात : कर्जाला जामीन राहायला, नाहीतर बिघडलेला हिशेब लावायला. त्यामुळे इंझोरीहून बहिणीचा फोन आला, की माझ्या छातीत आधी धस्स होतं. पण यावेळी मामला पाण्याचा होता.

त्यांच्या बोअरचं पाणी इतकं जड, की साबणाचा फेस होण्याऐवजी चोथा व्हायचा, तुरीची डाळ चार शिट्ट्यांनाही दाद द्यायची नाही आणि सोलरच्या नळ्यांत चुन्याची पुटं चढायची. म्हणून भाऊजींनी पाणी नरम करणारं यंत्र बसवलं. दोन वर्षं सुखाची गेली. मग उन्हाळ्यात फेस पुन्हा पळाला. मेकॅनिकने फोनवरूनच नाडी पाहिली, "रेझीन गेलं. बदला." आकडा ऐकून बहिणीला दादा आठवला.

मी कॉमर्सचा. पण यंत्राचं माहितीपत्रक वाचलं आणि आपलीच शाखा भेटल्यासारखं वाटलं. रेझीन म्हणजे खसखशीएवढे पिवळसर मणी. पाण्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम जमा करून घ्यायचं आणि बदल्यात सोडियम द्यायचं, एवढाच त्यांचा व्यवहार. गल्ल्यातलं सोडियम संपलं, की काउंटर बंद. मग टाकीतलं मिठाचं पाणी मण्यांवरून सोडायचं. कॅल्शियम मोरीत जातं, गल्ला पुन्हा भरतो.

म्हणजे तपासही बँकेसारखाच! आधी आवक, मग जावक, मग शिल्लक. कॅशियरवर संशय सगळ्यात शेवटी. थेंब टाकून लालाचं निळं होईपर्यंत मोजायची पेटी नेली होती. बोअरच्या पाण्याचा जडपणा लिटरला पाचशे मिलिग्रॅम. यंत्रातून आलेल्याचाही पाचशे! म्हणजे काउंटर पूर्ण बंद. आता मीठ. मी किराण्याची उधारीची वही मागवली. होळीपर्यंत दरमहा एक पोतं. पुढच्या तीन महिन्यांत मिळून एक.

मीठ मागवायचं खातं बहिणीच्या सासूबाईंकडे.

"मावशी, मीठ कमी कसं झालं?"

"म्याच केलं! डाक्टरनं सांगतलं, बीपी हाये, मीठ कमी खा. अन् हा पोट्टा पान्यात पोतंच्या पोतं ओतते!"

सगळे हसले. मीसुद्धा. "मावशी, ते मीठ मोरीत जातं," असं मोठ्या थाटात समजावलंही. रात्री मात्र हिशेब मांडला आणि हसू जिरलं. शंभर मिलिग्रॅम जडपणा काढला, की पाण्यात शेहेचाळीस मिलिग्रॅम सोडियम येतं. पाचशेचे झाले दोनशे तीस, दर लिटरला. मीठ मोरीत जात होतं खरं, पण त्यातलं सोडियम मण्यांवर बसून मावशींच्या तांब्यात उतरत होतं. दोन वर्षं! यंत्र उपाशी ठेवून मावशींनी आपलं पथ्य अचूक पाळलं होतं. रसायनशास्त्र न शिकता.

दुसऱ्या दिवशी टाकीत मीठ भरलं, मणी लागोपाठ दोनदा धुतले. संध्याकाळी न्हाणीघरात फेसच फेस! रेझीन ठणठणीत होतं. स्वयंपाकघराला मात्र यंत्राच्या आधूनच वेगळी तोटी काढली.

डाळ आता पुन्हा वेळ घेते. बहीण कुरकुरली, तेव्हा मावशी म्हणाल्या, "घेऊ दे. मले कुठं गाडी पकडाची हाये?"

मेकॅनिकचा फोन मी घेतला नाही. भाऊजींना म्हटलं, सांगा, ऑडिट झालं.