उभ्याने सभा

आमच्या घरात 'अजाईल' हा शब्द शिरला तो सौभाग्यवतीच्या कचेरीतून. एका विमा कंपनीत आकड्यांचे पृथक्करण करणाऱ्या आठ जणांची ती प्रमुख. अजाईल म्हणजे चपळ. आता चपला म्हणजे वीज, आणि लक्ष्मीही! कंपन्यांना हा शब्द का भावला, ते निराळे सांगायला नको.

या पंथाचा जाहीरनामा २००१च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या युटा राज्यात, स्नोबर्ड या बर्फातल्या विहारस्थळी सतरा सॉफ्टवेअरवाल्यांनी लिहिला. आधी आखलेल्या बेताला चिकटून बसण्यापेक्षा थोडे करावे, गिऱ्हाइकाला दाखवावे आणि गरज पडेल तसे वळावे, हे त्याचे सार. म्हणून सौभाग्यवतीच्या टीमचे काम दोन-दोन आठवड्यांच्या तुकड्यांत वाटले गेले. शिवाय रोज सकाळी पंधरा मिनिटे उभ्याने सभा. काल काय केले, आज काय करणार, अडले कुठे?

सॉफ्टवेअरला हे शोभते. पण लोक पॉलिसी मधेच का सोडतात, याचे उत्तर दोन आठवड्यांत मिळेल असे ब्रह्मदेवही सांगणार नाही. निम्मा वेळ तर एकाच माणसाच्या नावाची तीन स्पेलिंगे जुळवण्यात जातो. त्यातून वरचे साहेब सभेला येऊ लागले आणि सभेची हजेरी झाली. जो तो म्हणे, "चालू आहे." माझ्या वर्गात "समजलं का?" म्हटल्यावर माना डोलतात, त्यातलाच हा प्रकार.

सौभाग्यवतीने साहेबांना गोड बोलून सभेबाहेर काढले. (ही कला तिने घरी पुष्कळ घोटली आहे.) मग ठरवले, की पंधरवड्याला एकच शंका तपासायची. निकाल 'नाही' असा आला, तरी काम पुरे झाले असे धरायचे.

पुढे एका सकाळी सर्वांत नवा मुलगा चाचरत म्हणाला, "मॅडम, मी तीन दिवस अडलोय. काही लोकांनी पॉलिसी घेण्याआधीच ती सोडलेली दिसते!" सगळे हसले. मग आणखी दोघांनी कबूल केले, की तेही तिथेच अडले होते. तासाभरात उलगडा झाला. एका जुन्या शाखेने तारखेत महिना आधी आणि दिवस मागून लिहिला होता. त्या मुलाने राजीनामा लिहून तयार ठेवला होता, हे तिला फार उशिरा कळले. अजून तो तिथेच आहे.

आणि लोक पॉलिसी का सोडतात? केवळ हप्ता जड जातो म्हणून नव्हे, एवढे तूर्त निघाले आहे. बाकीचे पुढल्या पंधरवड्यात.