एका दाताचा प्रश्न

माणसाचा एक दात कमी झाला, तर त्याला भाकरी जड जाते. मोटारसायकलचा एक दाता कमी झाला, तर तिला घाट हलका जातो. एवढी साधी गोष्ट कळायला मला एक चेन, दोन चक्रं आणि बायकोचा अबोला एवढी किंमत मोजावी लागली.

गाडी मूळची अण्णांची. १९८८ साली घेतलेली, शंभर सीसीची, चार गिअरची. १९९४ साली निवृत्त होऊन अण्णा आणि आई पुण्याहून सासवडच्या पुढे आमच्या गावी राहायला गेले, तेव्हा अण्णांनी गाडी माझ्या हवाली केली. "चेनला तेल घालत जा," एवढंच बजावलं. ती सूचना मी त्यांच्या इतर सूचनांशेजारी नीट रचून ठेवली.

१९९६ साली चेन बोलू लागली. आधी कुजबूज, मग कव्हरवर थेट आदळआपट. मी गाडी मिस्त्रीकडे नेली.

"साहेब, चेन संपली."

"थोडी घट्ट करून बघा ना."

"अजून किती मागं ओढू? चाक शेजारच्या गल्लीत जाईल."

मग त्यानं चेन माझ्या नाकासमोर धरून प्रवचनच सुरू केलं. चेन लांबते म्हणजे लोखंड काही रबरासारखं ताणलं जात नाही. कड्या शंभरावर, प्रत्येक सांध्यातली पिन आणि बुश केसभर झिजतात, आणि त्या सगळ्या केसांची बेरीज म्हणजे लोंबणारी चेन. १८८० साली मँचेस्टरमध्ये हान्स रेनॉल्ड यांनी ही बुश-रोलरची चेन काढली. तिला तेल घालायला मात्र ते माझ्या घरी येणार नव्हते.

"बरं, नुसती चेन बदला," मी म्हणालो.

"तसं नाही चालत. दोन्ही चक्रं बदलायची. जुने दाते नव्या चेनला चार दिवसांत आपल्यासारखं करून टाकतात."

एकत्र कुटुंबात वाढलेल्या माणसाला याहून जास्त समजावावं लागत नाही. मी मान डोलावली.

जुनी चक्रं काढून तो दाते मोजू लागला. "मागं बेचाळीस, बरोबर. पुढं... तेरा? इथं चौदाचं असतं!"

"म्हणजे अण्णांना कुणी फसवलं?"

"फसवलं कशाला? मुद्दाम बसवलंय. ओढीसाठी."

त्यानं जमिनीवरच्या धुळीत गणित मांडलं. बेचाळीस भागिले चौदा, म्हणजे पुढचं चक्र तीनदा फिरलं की मागचं चाक एकदा. भागिले तेरा, म्हणजे जवळजवळ सव्वातीनदा. त्याच वेगाला इंजिनाला सात-आठ टक्के जास्त पळावं लागतं. बदल्यात चाकाला ओढ तेवढीच जास्त मिळते. वेग आणि ओढ ही एकाच पगारातली दोन खाती. एकात भर घातली की दुसऱ्यात खड्डा.

साठच्या वेगाला गाडी का केकाटायची, ते मला तेव्हा कळलं. आणि अण्णांचा स्वभावही आठवला. मेले तरी घाई करणार नाहीत! मी ऐटीत म्हणालो, "चौदाचं टाका."

मिस्त्रीनं नवी चेन चढवली. लॉकच्या क्लिपचं बंद तोंड चेन धावते त्या दिशेला ठेवलं. खालून बोट लावून चेन इंचभर हलते ना, ते पाहिलं. "फार ताठ नको, फार ढिली नको," तो म्हणाला. हे मला आमच्या लग्नातही कुणीतरी सांगितलं होतं.

आठवडाभर मी पुण्यात राजासारखा हिंडलो. इंजिन गुणगुणत होतं. रविवारी मागं बायको, टाकीवर चिरंजीव आणि मधे आईसाठी घेतलेला मिक्सर, असे आम्ही गावी निघालो. हडपसर मागं पडलं आणि दिवे घाट आला.

माउलींच्या पालखीच्या रथालासुद्धा या घाटात जादा बैलजोड्या जुंपतात. मी मात्र होती तीच जोडी अर्धी करून आलो होतो. तिसऱ्यात गाडी धाप टाकू लागली, दुसऱ्यात रांगू लागली, आणि मस्तानी तलाव खाली दिसू लागला तसा जळका वास आला. शेवटी बायको उतरली. मिक्सर काखेत मारून, एक शब्द न बोलता, ती माझ्या पुढं चालू लागली. खरं सांगतो, त्या चढावर तिचा वेग गाडीपेक्षा बरा होता.

गावी पोचल्यावर मी अण्णांना विचारलं, "तेराचं चक्र तुम्ही बसवलं होतंत?"

अण्णा सुपारी कातरत होते. मान वर न करता म्हणाले, "पहिल्या खेपेलाच घाटात तुझ्या आईला उतरावं लागलं. उन्हात चालत होती बिचारी. मला ते बरं वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी बदलून घेतलं."

म्हणजे सहा वर्षं अण्णा केकाटत्या गाडीवर चाळिशीनं जात होते ते यासाठी! आणि मी त्याला त्यांचा स्वभाव समजत होतो. मला काय बोलावं सुचेना.

इतक्यात स्वयंपाकघरातून आई म्हणाली, "अहो, पण मला चालायचंच असायचं! त्या सीटवर पाठीचा नुसता काथ्या व्हायचा. तेवढीच मोकळी झाली असती."

अण्णांचा अडकित्ता थांबला. "मग सहा वर्षं बोलली का नाहीस?"

"तुम्ही इतक्या हौसेनं तो दाता कमी केला होतात. म्हटलं, असू दे."

पुढच्या आठवड्यात मी तेराचं चक्र परत बसवलं. आणि त्यानंतरच्या खेपेला घाटाच्या पायथ्याशी गाडी थांबवून बायकोला आधी विचारलं, "बसतेस की चालतेस?"